खपली गव्हाचे ऋण



‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. या पेठेची जुनी भरभराट सांगणारी ती म्हण आहे. आज त्या पाळण्यात सोने नाही, बियाणे जोजवले जाते. कुंडलिकेच्या काठचे हे गाव आता सबंध देशात बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखले जाते. मृगाच्या आधी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतचा शेतकरी दुकानात जाऊन जी पिशवी विकत घेतो, तिच्यावर पुष्कळदा जालन्याचे नाव छापलेले असते. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि तो अभिमान आपण बाळगावा.

परंतु व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक सवय असते. पैसा आला की तो लगेच विचारतो, हे व्याज आहे की मुद्दल? व्याज खर्चायला हरकत नाही. मुद्दल खर्चू लागला की दिवाळे ठरलेलेच. आज आपल्यापुढे मला हाच प्रश्न बियाण्याच्या संबंधात मांडायचा आहे. पिशवीतले सुधारलेले बियाणे हे व्याज आहे. मग मुद्दल कोणते? ते कोणी साठवले? आणि आज ते कोणाच्या तिजोरीत आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मी एका गव्हाची हकीकत सांगणार आहे. तो गहू आपल्याच मुलखातला असून त्याचे नाव अस्सल मराठी आहे. तो म्हणजे खपली.

ज्यांनी खपली पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. जखमेवर धरते ती खपली आपल्याला माहीत आहे. या गव्हाच्या दाण्यावरचे टरफल तसेच घट्ट चिकटलेले असते. साध्या गव्हाची मळणी केली की दाणा मोकळा होतो. खपलीची केली तरी दाणा सालीतच राहतो. तो उखळात घालून कांडावा लागतो, पाखडावा लागतो, तेव्हा कुठे दळण्याजोगा होतो. एवढे कष्ट घेतल्यावर मात्र त्याच्या रव्याची लापशी, खीर आणि शेवया अशा होतात की ज्यांनी खाल्ल्या ते विसरत नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या भागांत विहिरीच्या पाण्याखाली लहानशा तुकड्यात खपली करण्याची चाल होती. सणावारापुरती, पाहुण्यांपुरती, बाळंतिणीपुरती. बाजाराच्या दृष्टीने पाहिले तर हा गहू अडचणीचा, काम वाढवणारा आणि उत्पन्नात मागे पडणारा. कोणत्याही हिशेबी माणसाने पहिल्याप्रथम टाकून द्यावा असाच.

या गव्हाचे वय मोठे आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने जे गहू प्रथम पेरले, त्यांत या जातीचा गहू होता. शास्त्रज्ञ त्याला एमर म्हणतात. त्याच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. पुढे अशाच गव्हाच्या शेतात शेजारच्या एका रानगवताशी आपोआप संकर घडला आणि ४२ गुणसूत्रांचा नवा गहू जन्माला आला. आपण आज ज्याच्या पोळ्या खातो तो बहुतेक सगळा गहू या दुसऱ्या वंशातला आहे. आपल्या मराठवाड्यातला जुना बन्सी मात्र २८ गुणसूत्रांचाच, म्हणजे खपलीच्या जवळच्या भाऊबंदांपैकी. तात्पर्य, गहू ही एक जात नसून मोठे कुळ आहे. त्यात थोरली पाती आहे, धाकटी पाती आहे आणि रानात राहणारे सोयरेही आहेत.

आपल्या काळ्या जमिनीत पूर्वी हा संसार कसा चालत होता, ते आठवून पाहावे. निजामाच्या राज्यात, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतरही बरीच वर्षे, अंबड, भोकरदन, परतूर, जाफराबाद या बाजूला रब्बीचा गहू बहुधा कोरडवाहू असे. पावसाळ्यात जमिनीने जी ओल पोटात धरली, तिच्यावर आणि हिवाळ्यातल्या दवावर तो पिके. बन्सी होता, काळ्या कुसळाचे गहू होते, आणि गावोगाव निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे आणखी कितीतरी होते. एकाच नावाखालच्या शेतातही सगळी रोपे सारखी नसत. कोणाची ओंबी चार दिवस आधी पिके, कोणाचे खोड जरा उंच, कोणाचे पान जाड. बियाणे दुकानातून येत नसे. मळणीच्या आधी घरातली कर्ती बाई शेतातून हिंडून भरलेल्या ओंब्या निवडी. ते बी राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात घालून कणगीत किंवा बळदात जपून ठेवले जाई. शेजाऱ्याचे बी गेले तर तो मागून नेई आणि पुढच्या साली दिडीने परत करी. या व्यवहाराला ना कागद होता ना शिक्का. परंतु शेकडो पिढ्यांनी शेकडो गावांत असे निवडत गेल्यामुळे जे वैविध्य तयार झाले, तेच आपले मुद्दल होय.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही. हे देशी गहू उत्पन्नाला थोडे होते. खत अधिक घातले तर ते उंच वाढून लोळत. आणि देशी असूनही ते रोगाला बळी पडत. विशेषतः तांबेऱ्याला.

तांबेरा हा गव्हाचा जुना वैरी आहे. ती एक बुरशी असते. पानावर किंवा खोडावर गंजासारखे ठिपके उठतात, त्यांतून भुकटी उडते आणि दाणा भरण्याच्या ऐन वेळी रोपाचे अन्न हा परका जीव खाऊन टाकतो. त्याचे काळा, तपकिरी आणि पिवळा असे तीन प्रकार आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नर्मदेच्या खोऱ्यात या रोगाने लागोपाठ अनेक पिके बुडवली. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेला कर्नल स्लीमन याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याचे वर्णन केलेले आहे. त्या वेळी लोक याला देवाचा कोप मानीत आणि त्या कोपाची नाना कारणे शोधीत.

या कोपामागचा कार्यकारणभाव शोधून काढला तो आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांनी. त्यांनी अनेक वर्षे एका साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याची भुकटी जिवंत राहू शकत नाही. मग दर हिवाळ्यात तो येतो कोठून? युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरी नावाच्या झुडपाच्या आश्रयाने वर्षाचे चक्र पुरे करतो. आपल्याकडे ते झुडूप दोषी नाही, असे मेहतांना आढळले. आपल्याकडे तांबेरा उन्हाळाभर थंड डोंगरांवरच्या गव्हात तग धरतो आणि वाऱ्यावर बसून खाली उतरतो. काळ्या तांबेऱ्याचे माहेर दक्षिणेकडे निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत आहे. पुढच्या संशोधकांनी दाखवले की बंगालच्या उपसागरातली वादळे ही भुकटी उचलून मध्य भारतापर्यंत आणतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर शेतांवर टाकतात. म्हणजे निलगिरीवर पेटलेली ठिणगी दख्खनच्या पठारावर येऊन पडते. आपले शेत कितीही स्वच्छ ठेवले, तरी आकाशातून येणाऱ्या पाहुण्याला कोण अडवणार?

१९४६–४७ च्या रब्बीत असेच घडले. काळ्या तांबेऱ्याची प्रचंड साथ मध्य भारतावर पसरली. सुमारे वीस लाख टन गहू नष्ट झाल्याचा अंदाज आहे. देश फाळणीच्या उंबरठ्यावर उभा होता, शहरांत रेशनिंग चालू होते आणि बंगालच्या दुष्काळाला पुरती चार वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी गेलेला एकेक दाणा किती मोलाचा होता, हे सांगायला नको.

आता आपण खपलीकडे परत येऊ. तांबेऱ्याचा अभ्यास जगभर चालू होता. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एल्विन स्टॅकमन नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या ध्यानात आले की काळा तांबेरा म्हणजे एकच एक रोग नव्हे. त्याचे अनेक पोटवंश आहेत. एका पोटवंशाला जो गहू दाद देत नाही, तोच दुसऱ्याला बळी पडतो. हे पोटवंश ओळखायचे कसे? सराफ जसा कसोटीच्या दगडावर सोने घासतो, तसा स्टॅकमननी निरनिराळ्या गव्हांचा एक संच कसोटीसाठी ठरवला. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संचात बारा गहू होते. जगात कोठेही तांबेरा सापडला की तो या बारांवर टाकून पाहायचा आणि कोणकोणते टिकले यावरून त्याची जात ठरवायची. त्या बारांपैकी एकाचे नाव होते खपली. मिनेसोटातल्या काचघरात, मराठीचा एक शब्दही न येणारे विद्यार्थी कुंडीवर हे नाव लिहीत होते. आणि पुष्कळ तांबेऱ्यांपुढे इतर गहू माना टाकत असता ही आपली कष्टाळू, सालीतली खपली तग धरून उभी राहत होती.

अर्थातच पुढचा विचार सुचणे स्वाभाविक होते. खपलीचा हा गुण पोळीच्या गव्हात आणता येईल काय? काम सोपे नव्हते. एकाची गुणसूत्रे २८, दुसऱ्याची ४२; त्यांची संतती बहुधा वांझ निघते. तरीही ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल नावाच्या तिकडच्या गव्हाशी खपलीचा संकर केला आणि जो वाण निघाला त्याला नाव दिले ‘खपस्टाइन’. अर्धे नाव मराठी, अर्धे तिकडचे! अमेरिकेतल्या साउथ डकोटात मॅकफॅडन नावाच्या तरुणाने १९१५ च्या सुमारास खपलीच्याच जातीच्या, परंतु रशियाकडून आलेल्या यारोस्लाव एमरचा असाच संकर केला आणि ‘होप’ म्हणजे ‘आशा’ या नावाचा गहू निर्माण केला. या ‘आशे’ला आपण पुन्हा भेटणार आहोत.

आपल्या महाराष्ट्रातही कोणी स्वस्थ बसलेले नव्हते. नाशिक जिल्ह्यात निफाडला गव्हाचे संशोधन केंद्र होते. महाबळेश्वरला तांबेऱ्याच्या, म्हणजे गेरव्याच्या, अभ्यासाचे केंद्र निघाले. निफाडच्या मंडळींनी तांबेऱ्याला दाद न देणारे गहू शोधण्यासाठी पूर्व आफ्रिकेतल्या केनियाकडे दृष्टी वळवली. तिकडचे गहू आणि निफाडचे गहू यांच्या संकरातून जे वाण तयार झाले, त्यांना त्यांनी ‘केनफाड’ असे नाव दिले. केनियाचा ‘केन’ आणि निफाडचा ‘फाड’! केनफाड या शब्दाचा अर्थ आज बहुतेकांना ठाऊक नाही. परंतु एखाद्या गावाने दुसऱ्या खंडाशी केलेल्या सोयरिकीची इतकी सरळ नोंद मला अन्यत्र आढळलेली नाही. दिल्लीत डॉ. बी. पी. पाल यांनी पुष्कळ ठिकाणचे गहू एकत्र करून १९५४ मध्ये ‘एन. पी. ८०९’ हा तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा वाण दिला.

यानंतरचा इतिहास आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. १९५६ पासून पी. एल. ४८० या कराराखाली अमेरिकेचा गहू येऊ लागला. रेशनच्या रांगा, पिशवी घेऊन उभी राहिलेली मुले, तांबूस गव्हाच्या चिवट पोळ्या. त्याच सुमारास मेक्सिकोत स्टॅकमन यांचे शिष्य नॉर्मन बोरलॉग एक नवा गहू घडवीत होते. मार्च १९६३ मध्ये ते भारतात आले, डॉ. स्वामिनाथन व त्यांचे सहकारी यांनी त्यांच्या गव्हाच्या चाचण्या घेतल्या. आणि १९६६ मध्ये आपल्या सरकारने मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे एकदम मागवले. १९६४–६५ मध्ये देशाचे गव्हाचे उत्पादन सुमारे १ कोटी २३ लाख टन होते. ते १९६७–६८ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाखांवर गेले. टपाल खात्याने १९६८ मध्ये या गहू-क्रांतीचे तिकीट काढले. हरितक्रांतीवर आज पुष्कळ टीका होते, तीतली काही रास्तही आहे. परंतु परक्या जहाजाची वाट पाहणारा देश तिने आपल्या पायांवर उभा केला, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र त्या चमत्कारी गव्हाची वंशावळ उलगडून पाहा. तो बुटका होता, म्हणून खत घातले तरी लोळत नव्हता. हा बुटकेपणा आला जपानच्या ‘नोरिन १०’ या १९३५ च्या वाणातून. नोरिनचा एक पूर्वज जपानचा जुना देशी ‘दारुमा’, तर दुसरा रशियाच्या दक्षिणेकडून स्थलांतर करणाऱ्या शेतकऱ्यांनी अमेरिकेत नेलेला ‘टर्की रेड’. आणि काळ्या तांबेऱ्यापासून संरक्षण? ते मेक्सिकोतल्या अनेक वाणांत आले मॅकफॅडनच्या ‘होप’कडून, म्हणजे त्या एमरच्या पोटातून. खपलीच्या चुलतभावाचे रक्त अशा रीतीने डकोटा, मेक्सिको करीत करीत आपल्या देशात येऊन पोचले. दिल्लीत कोणी म्हणाले, विलायती गहू आला. वस्तुतः जगातल्या अनेक शेतकऱ्यांच्या कणग्यांतला एकेक मूठ दाणा एका पिशवीत घालून आपल्या हाती दिलेला होता.

आता जमेची बाजू झाली, नावेची पाहू. मेक्सिकन साहित्यातून निवडलेला ‘कल्याणसोना’ १९६७ नंतर उत्तर हिंदुस्थानात वणव्यासारखा पसरला. लाखो एकरांत एकच वाण! १९७० नंतरच्या काही वर्षांतच तांबेऱ्याच्या नव्या पोटवंशांनी त्याला गाठले आणि तो मागे पडला. बाजरीत तर याहून मोठा धडा मिळाला. १९६५ पासून आलेल्या पहिल्या संकरित बाजऱ्यांची मादी एकच होती, अमेरिकेतल्या टिफ्टन येथून आलेली ‘टिफ्ट २३ ए’. १९७०–७१ मध्ये देशात बाजरीचे विक्रमी, सुमारे ८० लाख टन उत्पादन झाले. मागोमाग गोसावी रोग आला. कणसाच्या जागी पानांचा झुबका, दाण्याचे नाव नाही. १९७४–७५ मध्ये उत्पादन निम्म्याहूनही खाली आले. दुष्काळाचा त्यात वाटा होताच. मराठवाड्याला १९७२ चे साल सांगण्याची गरज नाही. परंतु रोगाने जो फडशा पाडला त्याचे कारण उघड होते. सगळ्या घरांना एकच कुलूप लावले, की चोराला एकच किल्ली पुरते.

हीच गोष्ट पुन्हा घडली. १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा पोटवंश सापडला. ‘यूजी ९९’ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. जगातल्या असंख्य वाणांचे रक्षण करणारे एक कुलूप त्याने उघडले होते. राई या धान्यातून गव्हात आणलेला तो एक जनुक होता. केनिया, इथिओपिया, येमेन करीत २००७ मध्ये तो इराणमध्ये पोचल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडच्या शास्त्रज्ञांची झोप उडाली. जगभरच्या बीजसंग्रहांची झडती सुरू झाली: या नव्या चोराला दाद न देणारे कुलूप कोणाकडे आहे काय? जी काही थोडी कुलपे निघाली, त्यांत एकाचे नाव ‘एसआर १३’. ज्या जुन्या गव्हांत हा जनुक आहे त्यांपैकी एक म्हणजे आपली खपली. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हा जनुक पूर्णपणे वेगळा करून ओळखला. वॉटरहाउसच्या ‘खपस्टाइन’मध्ये तो कधीच जाऊन बसलेला होता.

श्रोतेहो, माझ्या व्याख्यानाचा गाभा येथे आहे. ज्या बायांनी खपली उखळात कांडली, ज्या कुणब्यांनी ती विहिरीच्या कडेला तुकडाभर पेरली, त्यांना तांबेऱ्याचे पोटवंश माहीत नव्हते. युगांडा कोठे आहे तेही माहीत नव्हते. त्यांनी ती जपली शेवयांसाठी, खिरीसाठी, आजेसासूने दिलेले बी मोडू नये म्हणून. १९०० साली एखाद्या हुशार अधिकाऱ्याने दख्खनच्या गव्हांची मोजदाद करून कामाचे कोणते आणि बिनकामाचे कोणते अशी यादी केली असती, तर बिनकामाच्या यादीत पहिले नाव खपलीचे पडले असते. वैविध्याचे मोल नेमके यात आहे की उद्या कोणता दाणा उपयोगी पडेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. बन्सीला तांबेरा लागला, खपलीला लागला नाही. उद्या उष्णता वाढली, पाणी आटले, नवा रोग आला, तर कदाचित खपली निरुपयोगी ठरेल आणि ज्याचे नावही आपण विसरलो असा एखादा काळ्या कुसळाचा गहू उभा राहील. म्हणून एखादा उत्तम दाणा जपून भागत नाही. पुष्कळ जपावे लागतात.

आता आपल्या गावाकडे वळू. जालन्याचा बियाण्याचा व्यवसाय ज्यांनी उभा केला त्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको या कंपनीची स्थापना केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांचा आरंभ कोणत्या पिकापासून झाला? ज्वारी नव्हे, कापूसही नव्हे. भेंडी! दिल्लीच्या संस्थेने काढलेली ‘पुसा सावनी’ भेंडी. आणि पुसा सावनी नावाजली गेली ती पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगापुढे टिकली म्हणून. हा गुण तिच्यात आला होता पश्चिम बंगालमधून गोळा केलेल्या एका भेंडीतून; संग्रहातल्या वहीत तिला नुसता क्रमांक होता. तिचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. पुसा सावनीचा तो गुणही पुढे ओसरला, आणि नवे वाण शोधावे लागले. याचा अर्थ असा की जालन्याच्या पेढीचा पहिला रुपयाच या अनामिक मुद्दलातून आलेला आहे. आपल्या व्यवसायाची ही निंदा नव्हे. ज्याच्या भांडवलावर आपण व्यापार करतो त्याची आठवण ठेवणे ही पेढीची जुनी रीत आहे, एवढेच मला सुचवायचे आहे.

कोणी म्हणेल, यात चिंता कसली? बीजपेढ्या आहेत ना! आहेत, आणि त्या फार मोलाच्या आहेत. दिल्लीत १९७६ पासून पीक-वाणांच्या संग्रहाची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्याची आघारकर संशोधन संस्था मुळात १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून निघाली. तिने इतर गव्हांबरोबर खपलीचेही सुधारलेले वाण काढले आहेत. परंतु पेढ्यांचाही इतिहास पाहावा. रशियाच्या वाव्हिलॉव्हने जगभर हिंडून बियाण्यांचा पहिला महान संग्रह केला. सत्तेच्या रोषाला बळी पडून तो १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मेला. त्याच काळात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याचे सहकारी धान्याच्या पोत्यांशेजारी उपाशी मेले. बियाणे त्यांनी खाल्ले नाही. आपल्या काळात सीरियातल्या यादवीमुळे अलेप्पोजवळची गव्हाची थोर बीजपेढी सोडून द्यावी लागली. तिचे शास्त्रज्ञ २०१५ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या कोठारातून आपल्या ठेवी परत घेऊन आले. बीजपेढी माणसांच्या हाती असते आणि माणसांवर संकटे येतात. शिवाय थंड कपाटातले बी झोपलेले असते. बाहेर तांबेरा रोज नवा डाव शिकत असतो. शेतातले बी त्याच्याशी झुंजत झुंजत शिकते, कपाटातले शिकत नाही.

म्हणून पेढी हवीच, आणि शेतही हवे. आपल्या संसदेने २००१ मध्ये केलेल्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, आणि छापील नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. एखाद्याने जपलेल्या वाणातून नवा वाण निघाला तर त्याला वाटा मिळावा अशीही त्यात तरतूद आहे. हा कायदा आपल्या जिल्ह्यात किती जणांना ठाऊक आहे? नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या गाडग्या-मडक्यांतून देशी बियाण्यांची पेढी उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी केलेले काम त्यांच्या आजीच्या पिढीत प्रत्येक घरी होत होते; तेव्हा त्याला कोणी पदक देत नव्हते. आज ते विरळ झाले म्हणून पदक द्यावे लागते, ही आनंदाची आणि दुःखाचीही गोष्ट आहे.

इकडे शहरांत खपलीला पुन्हा भाव आलेला आहे. पथ्याच्या पिठाच्या पुड्यांवर तिचे नाव झळकते. ही चांगली गोष्ट आहे. पण एका वाणाची हौस म्हणजे वैविध्य नव्हे. उद्या सगळ्यांनी एकच खपली पेरली, तर आपण तीच चूक जुन्या नावाने केली असे होईल.

जालन्याच्या व्यापाऱ्यांना, बियाणे कंपन्यांना, बदनापूरच्या संशोधन केंद्रातल्या विद्वानांना आणि येथे बसलेल्या प्रत्येक नागरिकाला माझी विनंती इतकीच आहे. पुढच्या वेळी आपण अंबडला, मंठ्याला, जाफराबादेला सोयऱ्याकडे जाल, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा: बाई, तुमच्या सासरी पूर्वी कोणता गहू होता? त्याची ओंबी कशी दिसे? त्याचे बी कोणाकडे आहे काय? ती एखादे नाव सांगेल. ते लिहून घ्या. आणि मडक्यात मूठभर बी निघाले, तर तिच्या परवानगीने निम्मे संशोधकाकडे पोचवा आणि निम्मे तिच्याच बांधाला पेरू द्या. व्याजावर जगणाऱ्या गावाला मुद्दलाची वही तपासण्याची हीच वेळ आहे. ती वही लिहिणारी माणसे आता थोडी उरली आहेत.